सर्वांत गाजलेलं वाक्य

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता, आणि त्या दिवशी बाबा एका स्वल्पविरामावर चिडलेले होते.

चिडलेले म्हणजे एकाहत्तर वर्षांचा माणूस सकाळी नऊ वाजता जेवढा चिडू शकतो तेवढेच. कुठल्याशा लांबच्या विद्यापीठातल्या एका मुलीने त्यांच्या ‘सरळपान’ या प्रोग्राममध्ये चाळीस ओळींची दुरुस्ती सुचवली होती, आणि तेहतिसाव्या ओळीत स्वल्पविराम नको तिथे जाऊन बसला होता.

“ये, जरा प्रत धर,” ते लेकीला म्हणाले.

हे धरणं छापखान्यातलं. बाबा बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथली रीत अशी, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून चालायचं. वाचणाऱ्याने विरामचिन्हंसुद्धा तोंडाने म्हणायची. छापखाना बंद पडला, बाबा कॉम्प्युटरकडे वळले, पण रीत सुटली नाही. बाकीचे लोक कोड डोळ्यांनी वाचतात, बाबांना तो ऐकावा लागे. घरात माणसं दोनच, त्यामुळे वाचायचं काम तिच्याकडे. अकराव्या वर्षापासून होतं, आता ती बत्तीस वर्षांची होती आणि एका कॉलेजात ग्रंथपाल होती, तरी होतंच.

तिने वाचलं. तेहतिसाव्या ओळीला बाबांनी बोट उचललं. “बघ. पोरगी हुशार आहे, पण घाईत आहे. मी लिहितो तिला, नीट समजावून.”

“फार नीट नको. मागच्या वेळी तुम्ही चार पानं लिहिलीत. तो मुलगा परत फिरकला नाही.”

“चार नव्हती. साडेतीन.” मग चष्मा पुसत, जणू सहज आठवल्यासारखं, ते म्हणाले, “विसाव्या वर्षाचं पान तयार केलंय मंडळींनी. वर काय टाकलंय, पाहिलंस?”

तिने पाहिलं होतं. प्रकल्पाच्या वेबसाइटवर, बाबांच्या फोटोखाली, ठळक अक्षरांत. “काढायला सांगा ना.”

“सांगितलं. आमचा दुय्यम, तो नियमावली, म्हणतो, ठराव लागेल. ठरावाला सूचक, अनुमोदक. शिवाय म्हणाला, ‘सर, हे तुमचं सर्वांत गाजलेलं वाक्य आहे.’” बाबांनी चष्मा घातला. “जाऊ दे. वीस वर्षांत म्हाताऱ्याने दुसरं काहीच केलं नाही असं त्यांना वाटत असेल, तर वाटू दे.”

बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. हा विषय निघाला की ते तिच्याकडे पाहत नसत. सतरा वर्षं त्यांनी हे पथ्य पाळलं होतं. तो त्यांचा चांगुलपणा होता आणि तिला तो सोसत नसे.

बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. दोघंच होते, सकाळ होती, बाबांचा मूड बरा होता.

“चहा टाकू का?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला निघताना, चपलेत पाय घालता घालता, ते गेले. एक पाय चपलेत होता, दुसरा नव्हता.

*

‘सरळपान’ काय करायचं, ते एका दमात सांगता येतं. जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन केली की ती तिरकी येतात, कडेला अंगठ्याची सावली पडते, मधे डाग दिसतात. हा प्रोग्राम पानं सरळ करायचा आणि सावली पुसायचा. छापखाना बंद झाल्यावर बाबांनी आणि त्यांच्या मित्राने मिळून तो लिहायला घेतला. हा मित्र त्याच छापखान्यात जुळारी होता, खिळे जुळवून ओळी लावणारा. ती त्यांना जुळारीकाका म्हणे. दोघांनी पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला, एकमेकांच्या चुका काढत, दर रविवारी, याच टेबलाशी. एकजण कोड वाचणार, दुसरा बोट धरणार.

कोड त्यांनी सगळ्यांसाठी उघडा ठेवला. ओपन सोर्स म्हणतात ते हेच: कुणीही न्यावा, वापरावा, बदलावा, आणि मूळ माणसांशी पटलं नाही तर सगळा कोड उचलून शेजारी वेगळी चूल मांडावी. याला ही मंडळी फाटा फुटणं म्हणतात. कागदावर हे फार उदात्त दिसतं. प्रत्यक्षात जी भांडणं इतर घरांत दाराआड होतात, ती इथे तारीखवार, क्रमांक घालून, जगाला कायम वाचता येतील अशी जपून ठेवलेली असतात.

आणि भांडण कशावरून? कोऱ्या पानांवरून.

पुस्तकात कोरी पानं असतात. स्कॅन करताना तीही येतात. जुळारीकाका म्हणाले, प्रोग्रामने ती टाकून द्यावीत, वाचणाऱ्याला काय करायचीत? बाबा म्हणाले, कोरं पानसुद्धा कुणीतरी विचार करून सोडलेलं असतं, ते ठेवावं. बरं, तोडगा नव्हता असंही नाही. पडद्यावर एक चौकट होती: कोरी पानं ठेवा. खूण केली तर राहतील, काढली तर जातील. वाद एवढाच, की प्रोग्राम उघडल्यावर त्या चौकटीत आधीपासून खूण असावी की नसावी. एका टिचकीचा प्रश्न. त्या टिचकीवर शहाण्यासुरत्या माणसांनी चारशे अकरा पत्रं लिहिली. तिने मोजली होती. त्यांतल्या एकाने तर आपल्या पत्राला तळटीपा दिल्या होत्या.

चारशे बारावं पत्र बाबांचं.

बाबांना तेव्हा टाइप करता येत नसे; कोडसुद्धा ते कागदावर लिहीत आणि जुळारीकाका टाइप करत. ते जुन्या प्रुफांच्या पाठीवर हाताने लिहीत आणि ती टाइप करून मेलिंग लिस्टवर, म्हणजे प्रकल्पातल्या सगळ्यांना एकदम पोचणाऱ्या ई-टपालावर, पाठवत असे. तिचं वय पंधरा. घरातली सगळी पुस्तकं वाचून झालेली, आणि उपरोध आला म्हणजे अक्कल आली अशी पक्की समजूत. बाबांचं पत्र तिला मिळमिळीत वाटलं. तुझं म्हणणं मला कळतं, माझंही ऐक, रविवारी ये, बसून बोलू. असल्या पत्राने कुणी हरतं का? म्हणून तिने मधोमध आपलं एक वाक्य घातलं:

‘ज्याला पुस्तकातलं कोरं पान कचरा वाटतं, त्याने हातात झाडू घ्यावा, पुस्तकाला हात लावू नये.’

“वाच बरं एकदा,” बाबा म्हणाले.

तिने पडद्यावरून वाचून दाखवलं आणि ते वाक्य गाळलं. आवाज जराही अडखळला नाही. समोर बाबा आपल्या कागदावर बोट ठेवून होते, शब्द शब्दाला लागत होता. परक्याच्या स्वल्पविरामावर नजर ठेवणाऱ्या त्या माणसाने पडद्याकडे मान वळवली नाही. त्या धंद्यात वाचणाऱ्याच्या आवाजावर विश्वास ठेवावाच लागतो.

“ठीक. पाठव,” ते म्हणाले.

जुळारीकाकांची आई त्याच छापखान्यात झाडलोट करायची. पहाटे येऊन खाली पडलेले खिळे वेचायची, कागदाचे कपटे गोळा करायची. बाबा तिला मावशी म्हणत. हे आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, असं तिने पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं. पण माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर झाडू सुचला.

संध्याकाळपर्यंत लिस्ट पेटली. बाबांनी पडद्यावरचं पत्र स्वतः वाचलं, दोनदा. ती शेजारी उभी होती. ते म्हणाले, “यापुढे टायपिंग मी शिकतो.” एवढंच. आणि शिकले, दोन बोटांनी. लिस्टवर त्यांनी लिहिलं, ‘पत्र माझ्या नावाने गेलं आहे. उत्तर मीच देणं लागतो.’ लोक म्हणाले, बघा ताठा.

आठवड्यात फाटा फुटला. जुळारीकाकांनी कोड उचलला, नाव ठेवलं ‘स्वच्छपान’. त्यांच्यामागे जी तरुण मंडळी गेली त्यांना तर आयतंच निशाण सापडलं. त्यांनी चक्क झाडू हेच बोधचिन्ह केलं, सदऱ्यांवर छापलं, आणि स्वतःला अभिमानाने झाडूवाले म्हणू लागले. इकडच्यांना ते कोरे म्हणत. पुढे झाडूवाल्यांतही फूट पडून ‘शुद्धपान’ निघालं. ते अकरा दिवस चाललं. त्यात माणसं दोन होती आणि दोघांचंही एकमेकांशी पटेना. बाबांनी सतरा वर्षांत ‘झाडूवाले’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. झाडू छापलेला सदरा जुळारीकाकांनीही कधी घातला नाही, पण हे कुणाच्या लक्षात यायला आधी तिकडे बघावं लागतं, आणि मंडळी पडद्याकडे बघत होती.

*

बाबा गेल्यावर दोन्ही लिस्टांवर श्रद्धांजलीची स्पर्धा लागली. कोऱ्यांनी लिहिलं, ते आमचे होते. झाडूवाल्यांनी लिहिलं, त्यांचा कोड आमच्यात जास्त उरलाय. आणि टक्केवारी दिली. सदतीस विरुद्ध एकतीस. एकाने विचारलं, यात रिकाम्या ओळी धरल्यात का? त्यावर पुन्हा साठ पत्रं.

चौथ्या दिवशी नियमावली घरी आला. खरं नाव काहीही असो, ती त्याला मनात नियमावलीच म्हणे, आणि बाबाही. एकोणीस माणसं काम करत असलेल्या प्रकल्पासाठी त्याने एकशे बारा कलमांची नियमावली लिहिली होती, आणि गेली सहा वर्षं तो बाबांचा दुय्यम होता. हातात फाईल, चेहऱ्यावर प्रसंगाला शोभेल असं दुःख.

“ताई, सभा पुढच्या शनिवारी दुपारी. दोन्ही बाजूंना बोलावलंय. मतभेद बाजूला ठेवून.”

“बरं.”

“फक्त बोलण्याचा क्रम ठरत नाहीये. ते म्हणतात अक्षरानुक्रमे लावा. अक्षरानुक्रमे लावलं तर त्यांचे तिघं आधी येतात.”

“मग उलट लावा.”

त्याने गंभीरपणे टिपून घेतलं. “आणि सरांचं ते वाक्य मी व्यासपीठावरून वाचणार आहे. झाडूचं. काय धार होती हो माणसाला!”

“नाही वाचलं तर चालेल?”

“ताई, तुम्हाला या क्षेत्रातलं माहीत नाही. ते वाक्य म्हणजे सर.”

ती उठली. त्याला दारापर्यंत पोचवून आली. त्याची फाईल टेबलावर राहिली होती, ती घ्यायला तो परत आला आणि तिने ती नुसती त्याच्या हातात दिली.

त्याच दिवशी उन्हं कलताना बेल वाजली. दारात जुळारीकाका. सतरा वर्षांत केस पार गेलेले, खांदे उतरलेले, पण उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी अजून जवळ, चिमटीत खिळा धरल्यासारखी.

“आत या ना, काका.”

“नको. जोडे काढायला वाकवत नाही.” ते चौकटीला टेकून उभे राहिले. “उंच झालीस.”

“तुम्ही पाहिलंत तेव्हाही एवढीच होते.”

“असेल.” थोडा वेळ ते तिच्या मागच्या टेबलाकडे बघत होते. “एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“प्रोग्रामचं मी केव्हाच विसरलो. खरं सांगू, कोरी पानं ठेवावीत असं आता मलाही वाटतं. आमच्या पोरांना सांगू नकोस, जीव घेतील.” ते किंचित हसले, मग हसू गेलं. “पण माझी आई. तुझ्या बाबांना ती आपल्या डब्यातलं द्यायची. मावशी मावशी करायचा तिला. आणि मग तसं लिहिलं. माझ्याबद्दल काहीही लिहायचं होतं, मी गिळलं असतं.”

तिने दाराची कडी पकडली.

“आठवड्याने मला चिठ्ठी आली त्याची. काय होती माहितीये? ‘ते वाक्य जायला नको होतं.’ बस्स, एक ओळ. ‘मी लिहायला नको होतं’ असं नाही. जायला नको होतं. म्हणजे मनात होतंच, फक्त बाहेर पडलं म्हणून वाईट वाटलं, असंच ना? मी चिठ्ठी परत पाठवली. तर विचारायचं एवढंच, की घरात कधी काही म्हणाला का तो? माझ्या आईबद्दल? बत्तीस वर्षं तो तिला मावशी म्हणाला, ते सगळं वरवरचं होतं का? आता कुणाला विचारू? तूच उरलीस.”

चिठ्ठीतली ती ओळ तिने पहिल्यांदा ऐकली, आणि लगेच ओळखली. बाबांना खोटं लिहिता येत नसे. आपण न लिहिलेलं वाक्य ‘मी लिहिलं’ म्हणून कागदावर उतरवणं त्यांच्या हाताला जमलं नसतं, आणि कुणी लिहिलं ते त्यांना सांगायचं नव्हतं. या दोन्हींच्या मधे जी एक ओळ बसत होती ती त्यांनी लिहिली. आणि त्या एका ओळीपायी त्यांचा एकुलता एक मित्र गेला.

“मला… मला नाही माहीत, काका,” ती म्हणाली.

“असो.” त्यांनी मान हलवली. “तू लहान होतीस.”

ते जिना उतरले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. सव्वीस पायऱ्या होत्या. ती दारात उभी राहून सगळ्या ऐकत होती, आणि लिस्टवरच्या त्या समस्त मूर्खांना इतकी वर्षं नावं ठेवल्यावर आज तिला त्यांच्याहून खालच्या दर्जाचं माणूस सापडलं होतं.

*

सभा एका प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात होती. पांढऱ्या ट्यूबलाइट, जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्या, मधून वाट. वाटेच्या डावीकडे कोरे बसले, उजवीकडे झाडूवाले. कुणी सांगितलं नव्हतं. लग्नात दोन्हीकडची वऱ्हाडं बसतात तशी आपोआप बसली. भिंतीवरच्या पडद्यावर लांबून हजर असलेल्यांची तोंडं होती, त्यांतलं एक काहीतरी खात होतं.

दारात आठवण म्हणून बाबांची वही मिळत होती. त्यांच्या हस्ताक्षरातली, स्कॅन करून छापलेली. दोन गठ्ठे होते. एका गठ्ठ्यातली वही शहाण्णव पानांची, दुसऱ्यातली एक्क्याऐंशी. कोऱ्यांनी आपली वेगळी काढली होती, झाडूवाल्यांनी आपली वेगळी. दारातली मुलगी येणाऱ्याला विचारत होती, “तुम्हाला कुठली?” तिलाही विचारलं. तिने एकही घेतली नाही.

भाषणं झाली. आधी पंधरा मिनिटं क्रमावरून झाली, मग खरी झाली. झाडूवाल्यांतला एक दाढीवाला म्हणाला, मतभेदांतूनच प्रगती होते. कोऱ्यांतली एक बाई म्हणाली, हो, पण चौकटीत खूण हवीच. पडद्यावरच्या एकाचा आवाज येत नव्हता, तो सात मिनिटं भावविवश होऊन ओठ हलवत राहिला आणि कुणी त्याला थांबवलं नाही. बाबा कुणाच्याच बोलण्यात नव्हते. तेहतिसाव्या ओळीची ती मुलगीही पडद्याच्या एका कोपऱ्यात होती. तिचं नाव यादीत नव्हतं म्हणून तिला बोलू दिलं नाही.

जुळारीकाका उजवीकडे शेवटून दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासाठी पुढे राखलेली खुर्ची रिकामी होती.

मग नियमावली उठला. फाईल उघडली. “सरांची ओळख एका वाक्यात करून द्यायची,” तो म्हणाला, “तर त्यांच्याच वाक्यात.” आणि त्याने ते वाचलं. झाडूपाशी थांबला. दाद घ्यायला.

डावीकडून टाळ्या पडल्या. उजवीकडच्यांनी हसून सदऱ्यांवरचे झाडू पुढे केले. एकाने शिट्टी मारली. सतरा वर्षांत त्या वाक्याचा असा मस्त विनोद झाला होता, की ते कुणाला तरी लागलं होतं हेच सगळे विसरले होते. जुळारीकाकांनी मान खाली घातली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत ते जमिनीकडे बघत बसले.

“आता कन्या दोन शब्द बोलतील,” नियमावली म्हणाला.

ती पुढे गेली. दोन शब्द तिने लिहून आणले होते. सभ्य, आटोपशीर, आभाराचे. कागद हातात होता. तिने वरची ओळ पाहिली आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला, न अडखळणारा.

तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. माईक बाजूला सारला.

“काका,” ती म्हणाली, “इकडे बघा. ते वाक्य बाबांचं नाही.”

“ताई,” नियमावली हळूच म्हणाला, “संग्रहात सरांच्याच नावावर—”

“खाली बसा हो.” तो बसला. “ते माझं आहे, काका. बाबांचं पत्र मी टाइप करत होते. मधे ते मी घातलं, आणि त्यांना वाचून दाखवताना गाळलं. त्यांनी फक्त लिहिलं होतं, रविवारी ये, बसून बोलू. नंतर त्यांना कळलं आणि त्यांनी माझं नाव कधीच सांगितलं नाही. तुम्ही मला त्या दिवशी दारात विचारलंत आणि मी माहीत नाही म्हणाले. मला माहीत होतं. ते तुमच्या आईला मावशी म्हणायचे ते मनापासून. त्या छापखान्यात झाडायच्या, हेही मला माहीत होतं, काका. पंधरा वर्षांची होते, पण माहीत होतं. म्हणूनच मी झाडू लिहिलं.”